परसबागेची जागा आणि मावशींची फडकी

मी मुंबईतल्या शाळांना परसबाग लावून द्यायचं काम करते. लोकांना वाटतं यात मुख्य काम म्हणजे माती, शेणखत, बियाणं. ते सगळं दोन दिवसांत उरकतं हो, डोकं लागतं ते जागा ठरवायला.

परवा भांडुपच्या एका शाळेत मिटिंग होती, ट्रस्टी, मुख्याध्यापक, पालक प्रतिनिधी सगळे हजर. इमारतीच्या मागचा पट्टा आधीच ठरवून बॅनरसुद्धा छापलेला. जूनची दुपार, तिथे लख्ख ऊन, सगळे खूश. पण तो पट्टा इमारतीच्या उत्तरेला! मुंबईत या दिवसांत दुपारचा सूर्य डोक्यावरून जरासा उत्तरेकडेच असतो, म्हणून ऊन दिसतं. डिसेंबरात तो दक्षिणेला इतका कलतो की भर दुपारीही सावली जवळजवळ इमारतीच्या उंचीएवढी लांब पडते. इमारत चार मजली, पट्टा जेमतेम 5 मीटर रुंद. आणि पालेभाजीचा खरा सीझन थंडीचाच, पावसाळ्यात मेथी-कोथिंबीर सडून जाते, भेंडी, अळू, पडवळ तेवढं तग धरतं.

हे मी कागदावर काढून दाखवलं तरी कोणाला पटेना. ट्रस्टी म्हणाले, "मॅडम, एवढं ऊन दिसतंय की समोर." तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या मावशी म्हणाल्या, "दिवाळीनंतर मागं ऊन येत न्हाई, सर. लादी पुसायची फडकी संध्याकाळपर्यंत ओलीच ऱ्हातात, मी पुढच्या कठड्यावर नेऊन टाकते." त्यावर कोणी काही बोललंच नाही.

मग मी त्यांनाच विचारत सुटले. पाणी कधी येतं, टाकीच्या नळाला पाइप लागतो का, मे महिन्याच्या सुट्टीत गेटची चावी कोणाकडे असते. सगळं त्यांना तोंडपाठ. दरवर्षी कोवळी रोपं सुट्टीत वाळून जातात ती याच प्रश्नांपायी, आणि ज्यांना उत्तरं माहीत असतात त्यांना मिटिंगला कोणी बोलावतच नाही. याचा मला खरंच राग येतो.

पुढे दक्षिणेला भरपूर ऊन आहे पण तिथे ट्रस्टींच्या गाड्या लागतात. निदान भिंतीलगत ग्रो बॅग ठेवू, लाल माठापासून सुरुवात करू असं सुचवलंय. परसबाग समितीत मावशींचं नाव घाला आणि त्या कामाचे वेगळे पैसे द्या हेही लेखी दिलंय. मुख्याध्यापक "बघू" म्हणाले. दोन्हीचं उत्तर आल्याशिवाय मी बियाणं आणणार नाही.