शाळेच्या बससाठी जपान सरकारकडे अर्ज केला, तो माझा अनुभव

आमची संस्था लहान, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात वाळपईच्या बाजूला विशेष मुलांची शाळा चालवतो, मी खजिनदार. नगरगाव, ठाणे, भिरोंडा अशा लांबच्या गावांतून मुलं येतात आणि व्हीलचेअरवरच्या मुलाला घेऊन कदंबात, म्हणजे सरकारी बसमध्ये, चढणं म्हणजे काय ते त्या आयांनाच विचारा. एक मावशी तर अकरा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन पावसात स्टॉपवर उभी राहायची, जून-जुलैत त्याची निम्मी शाळा बुडायची. म्हणून लिफ्ट असलेली बस हवी होती आणि तेवढे पैसे गावात उभे राहणं शक्य नव्हतं.

जपानची एक योजना आहे, ग्रासरूट्स ग्रांट म्हणतात, छोट्या संस्थांना, पंचायतींना मदत मिळते, आम्ही अर्ज केला तेव्हा साधारण 1 कोटी येनपर्यंत, म्हणजे दराप्रमाणे पन्नास-साठ लाख रुपये. आमच्याकडे सगळे म्हणायचे जायकाकडे, म्हणजे जपान सरकारच्या विकासकामांना कर्ज देणाऱ्या संस्थेकडे, अर्ज करा, कारण गोव्यात जायका सगळ्यांना माहीत, साळावलीच्या पाण्याच्या आणि मडगावच्या मलनिस्सारणाच्या कामामुळे. पण ते वेगळं. ते 2007 सालचं कर्ज, सुमारे 2,280 कोटी येनचं, देशाने देशाकडून घेतलेलं आणि व्याजासकट फेडायचं. आमची योजना जपानच्या परराष्ट्र खात्याची, वकिलातीमार्फत चालते, गोव्यासाठी मुंबईचा कॉन्सुलेट, आणि ही रक्कम परत करायची नसते. पालकसभेत हा प्रश्न मला चार वेळा आला, "भाऊ, हे फेडायचं कोणी?" आणि चारही वेळा मी नीट समजावून सांगितलं, कारण गरीब माणसाला कर्जाची भीती असते आणि ती खरी असते.

त्याआधी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. परदेशी सरकारचा पैसा घ्यायचा तर केंद्रीय गृहखात्याची नोंदणी लागते, त्याला संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर 15 लाख खर्च झालेला दिसायला हवा. आमचा अर्ज अडकला तो नावात, पॅनवर "मंडळ" होतं आणि नोंदणीच्या दाखल्यावर नव्हतं, हे दुरुस्त करण्यातच सात महिने गेले. कोणी करणार असाल तर आधी सगळे कागद शेजारी-शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर जुळवून बघा. 2020 च्या दुरुस्तीनंतर पैसा थेट आपल्या गावच्या खात्यात येत नाही, दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतल्या खात्यात यावा लागतो, दिल्लीला जावं लागत नाही, इथल्या शाखेतून खातं उघडता येतं, मग तिथून आपल्या बँकेत वळवायचा. प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत. आणि हा पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. आमचा विचार होता थोडी रक्कम पेडण्यातल्या आमच्यासारख्याच एका संस्थेकडे द्यावी, तो सोडून द्यावा लागला, याचं मला अजून वाईट वाटतं.

कॉन्सुलेटचा अर्ज त्यामानाने सरळ होता. तीन वेगवेगळ्या डीलरची कोटेशनं, तीन वर्षांचे ऑडिट, मुलांची गाववार यादी. मग मुंबईहून दोघं आले, एक जपानी बाई आणि एक आपल्याकडचे अधिकारी. मला वाटलेलं शाळा बघतील, फोटो काढतील, जेवतील. बाई मुलांमध्ये बसल्या, रस्ता बघायचा म्हणाल्या म्हणून आमच्या गाडीतून भिरोंड्यापर्यंत गेलो, आणि परत आल्यावर वही उघडून दोन तास प्रश्न. डिझेल कोण भरणार? ड्रायव्हरचा पगार? टायर? पाच वर्षांनी इंजिनाचं काम निघालं तर? तुम्ही आजारी पडलात तर सही कोणाची? कारण ही योजना वस्तू देते, पगार आणि रोजचा खर्च देत नाही. माझ्याकडे निम्म्या प्रश्नांना उत्तर नव्हतं आणि तसं मी सांगितलं. त्या म्हणाल्या ठीक आहे, उत्तर तयार करून पाठवा.

ते उत्तर तयार करताना खरं काम झालं असं मी मानतो. पालकांनी महिना तीनशे रुपये ठरवले, ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी बाजारातले चार दुकानदार उभे राहिले, देवस्थान समितीने विम्याचा हप्ता उचलला आणि ती कडेवर मुलगा घेणारी मावशी बस समितीवर आली. इतकी वर्षं आम्ही देणगीसाठी लोकांच्या दारात गेलो पण "हे पुढे चालवणार कसं" हे गावाला एकदाही विचारलं नव्हतं.

जपानचं आर्थिक वर्षही एप्रिल ते मार्च, त्यामुळे फेब्रुवारीत एकदम घाई झाली आणि मार्चमध्ये करारावर सही. पैसे करारात लिहिलंय त्याच वस्तूवर, शिल्लक राहिली तर लेखी विचारायचं. मध्ये एक अहवाल, शेवटी दुसरा, सोबत ऑडिट. बसच्या दारावर जपानचा झेंडा असलेलं स्टिकर लागतं, मुलांना तो लाल गोळा फार आवडतो.

आता बस ठाण्याला सकाळी सव्वासातला पोचते. ड्रायव्हर रोजचे किलोमीटर वहीत लिहितो आणि महिनाअखेर मावशी ती वही तपासून सही करते. पेडण्याच्या संस्थेने स्वतःच्या एफसीआरएची तयारी सुरू केलीय, येत्या रविवारी आमच्या सगळ्या फायली घेऊन मी तिकडे जातोय, पहिल्यांदा त्यांचं पॅन आणि नोंदणीचा दाखला शेजारी ठेवून बघणार.