आई-अण्णांना घेऊन हिदाच्या बर्फात: नागोयाहून बसच्या सहलीचा माझा अनुभव

आई-अण्णा जानेवारीत माझ्याकडे, जपानमध्ये नागोयाला आले तेव्हा आईची मागणी एकच होती, बर्फ बघायचा. नागोयात थंडी कडाक्याची, वारा कानांना झोंबतो, पण आकाश बहुतेक दिवस निळंभोर आणि जमीन कोरडी. साचलेला बर्फ बघायचा तर उत्तरेला, हिदाच्या डोंगरात जायला हवं.

आमच्याकडे गाडी आहे, पण तिला साधे टायर. तोकाई-होकुरिकु एक्स्प्रेसवेवर बर्फ पडू लागला की हिवाळी टायर नसलेल्या गाड्यांना पुढे सोडत नाहीत. रेल्वेने हिदातल्या ताकायामा शहरापर्यंत जाता येतं, पण तिथून शिराकावागोला, गवती छपरांच्या जुन्या घरांच्या गावाला, जायला पुन्हा बस, पुन्हा रांग. सत्तरीतल्या दोघांना घेऊन उणे तापमानात ही धावपळ मला नको होती. म्हणून नागोयाहून सकाळी निघून, ही दोन्ही ठिकाणं दाखवून रात्री परत आणणारी बसची सहल घेतली. हिवाळ्यात ज्यांचे आई-वडील इकडे येणार असतील, त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

बुकिंग घरबसल्या झालं, पण साइट पूर्ण जपानीत. इंग्रजी बोलणाऱ्या गाइडच्या सहली वेगळ्या असतात आणि महागही. इथल्या लोकांच्या सहलीला माणशी दहा हजार येनच्या आसपास पडले. पैसे भरण्याआधी बारीक अक्षरांतल्या अटी नीट वाचाव्यात. पुरेसे प्रवासी जमले नाहीत तर कंपनी सहल रद्द करू शकते, मात्र एक दिवसाच्या सहलीला तसं तीन दिवस आधीच कळवावं लागतं. आपण रद्द केली तर निघायच्या आदल्या दिवसापासून उलटं मोजायचं. दहावा दिवस लागला की २० टक्क्यांपर्यंत पैसे कापतात, सातव्यापासून ३०, आदल्या दिवशी ४०, निघायच्या दिवशी ५०, आणि न कळवता गेलोच नाही तर सगळेच गेले. हा नमुना सरकारी नियमांतूनच आलेला आहे, त्यामुळे कंपन्यांमध्ये फारसा फरक नसतो. वयस्कर माणसांना ऐन वेळी सर्दी-ताप येऊ शकतो, म्हणून दहा दिवसांच्या आत दोघांची तब्येत बघूनच मी बुकिंग पक्कं ठेवलं.

रोषणाईचं मात्र वेगळं आहे. शिराकावागोची रात्रीची रोषणाई जानेवारी-फेब्रुवारीतल्या ठरावीक दिवशीच असते आणि २०१९ पासून तिला आगाऊ आरक्षणाशिवाय जाताच येत नाही. आम्ही साधी, दिवसाची सहल घेतली. उजेडात चालायला मिळणं आई-अण्णांसाठी जास्त महत्त्वाचं होतं.

जेवणासाठी फोन केला. सहलीत दुपारचं जेवण होतं ते होओ झाडाच्या पानावर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घालून भाजलेलं हिदाचं बीफ. आई-अण्णा माळकरी. शाकाहारी ताट करता येणार नाही, असं कंपनीने नम्रपणे पण स्पष्ट सांगितलं, आणि ते बरंच झालं. इथल्या सुपात, रस्स्यात माशाचा अर्क असतो. वरवर भाजी दिसली म्हणून ते शाकाहारी ठरत नाही. त्याच सहलीचा जेवणाशिवायचा पर्याय होता, तो निवडला. आईने आदल्या रात्री दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बटाट्याची कोरडी भाजी केली. थर्मासमध्ये चहा भरला.

अण्णांचा प्रश्न निराळाच होता. ते कराड आगारात एसटीचे ड्रायव्हर होते. कराड-चिपळूण मार्गावर, कुंभार्ली घाटातून, वर्षानुवर्षं त्यांनी गाडी नेली-आणली. त्यांनी विचारलं, "ड्रायव्हरला विश्रांती मिळते ना गं? बर्फाच्या रस्त्यावर दमलेला ड्रायव्हर नको." या प्रश्नामागे इथेही मोठं दुःख आहे. १५ जानेवारी २०१६ रोजी तोक्योहून नागानोकडे निघालेली स्कीची बस कारुइझावाजवळ रस्त्याखाली कोसळली आणि १५ जण गेले, त्यातले १३ विद्यार्थी होते. त्यानंतर नियम कडक झाले. भाड्याच्या बस चालवणाऱ्या कंपन्यांना २०१७ पासून दर पाच वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण करावं लागतं. सलग गाडी चालवायची मर्यादा चार तास. सुरक्षिततेची तपासणी पार केलेल्या कंपन्यांच्या बसवर ताऱ्यांचं चिन्ह असतं. सहल निवडताना बस कोणत्या कंपनीची हे विचारून घेतलं आणि ते चिन्ह आहे याची खात्री केली. आई-वडिलांना घेऊन जाताना दोनशे-पाचशे येनच्या फरकापेक्षा हे बघणं मला गरजेचं वाटतं.

नागोया स्टेशनच्या ताइको-दोरी बाजूला चंदेरी घड्याळ आहे. त्या परिसरात सकाळी सहलींची नुसती गर्दी असते, प्रत्येक टूर लीडरच्या हातात वेगळं निशाण. नाव सांगितलं की यादीवर खूण, आसनांचा नंबर लिहिलेला कागद हातात. आसनं आधीच ठरलेली असल्यामुळे धक्काबुक्की नाही. बुकिंगच्या वेळी शेरा लिहायच्या जागी मी 'वयस्कर पालक, शक्यतो पुढची जागा' असं लिहिलं होतं, आणि ड्रायव्हरच्या मागच्या दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. सांगितलेल्या वेळेच्या आधीच बस भरली आणि बरोबर ठोक्याला सुटली.

गुजो ओलांडलं तसे कडेचे डोंगर पांढरे होऊ लागले. हिरुगानोला पहिला मोठा थांबा. या पठारावर पाणी दुभंगतं: एका बाजूचं नागारा नदीतून इसे उपसागराकडे, म्हणजे प्रशांत महासागराकडे, आणि दुसऱ्या बाजूचं शो नदीतून जपानच्या समुद्राकडे. तिथे गरम इमारतीत बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. पुढे मात्सुनोकी खिंडीजवळ रस्ता १,०८५ मीटरवर चढतो, एक्स्प्रेसवेवरचं देशातलं सर्वांत उंच ठिकाण म्हणून तिथे फलक आहे. अण्णा खिडकी सोडून समोरच्या काचेकडेच बघत होते.

ताकायामात दोन तास मिळाले. सान्माचीच्या जुन्या गल्ल्या, काळपट लाकडी घरं, मद्याच्या जुन्या दुकानांवर टांगलेले सुगी झाडाच्या डहाळ्यांचे गोळे, मियागावा नदीकाठचा सकाळचा बाजार. छान आहे, पण गर्दी फार, आणि तुडवून घट्ट झालेला बर्फ काचेसारखा निसरडा. बुटांना खालून अडकवायच्या रबरी काटेरी पट्ट्या मी आधीच शंभर येनच्या दुकानातून आणल्या होत्या. त्या नसत्या तर आईने बसमधून पाय खाली ठेवला नसता. पाऊल छोटं टाकायचं, अख्खा तळवा टेकवायचा, हात खिशात घालायचे नाहीत. खायला इथले मिताराशी दांगो घ्यावेत. तांदळाच्या पिठाचे छोटे गोळे सोया सॉस लावून निखाऱ्यावर भाजतात, गोड नसतात. आई-अण्णांनी आवडीने खाल्ले.

ताकायामाहून निघालो तेव्हा ऊन होतं. मग हिदा बोगदा लागला, १०.७ किलोमीटरचा, २००८ साली खुला झालेला. त्याआधी इकडून जायला आमो खिंडीचा रस्ता होता आणि तो हिवाळ्यात बंद असायचा. बोगद्यात शिरताना आकाश निळं होतं. बाहेर पडलो आणि समोर काही दिसेना. दाट, संथ, न थांबणारा बर्फ. कठडे बुडालेले, झाडं वाकलेली.

अण्णा ताठ बसले. म्हणाले, "कराडला कोरडं आणि कोयनानगरला बदाबदा, तसंच आहे हे." अगदी तसंच आहे. सायबेरियाकडून येणारा कोरडा, थंड वारा जपानच्या समुद्रावरून येताना तिथल्या उबदार पाण्याची वाफ उचलतो, या डोंगरांवर चढतो आणि सगळा ओलावा बर्फ होऊन इकडेच उतरवतो. डोंगर ओलांडून नागोयाकडे जाणारा वारा कोरडा उरतो. आपल्याकडे नैऋत्येचा वारा कोकणात आणि घाटमाथ्यावर रिकामा होतो आणि देशावर मोकळा पोहोचतो, त्यातलाच हा प्रकार. त्या क्षणापासून अण्णांना हा प्रदेश परका राहिला नाही.

शिराकावागोतलं मुख्य गाव म्हणजे ओगिमाची. बसचा तळ नदीच्या पलीकडच्या काठावर आहे. तिथून शो नदीवरचा झुलता पूल ओलांडून गावात जायचं. पुलावर माणसं दोन्ही बाजूंनी येतात आणि तो हलतो, म्हणून आईला मधून, माझा दंड धरून चालवलं. गाव १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. गाश्शो धाटणीची, उतरत्या गवती छपरांची शंभराहून जास्त घरं आणि कोठारं आहेत, आणि लोक आजही त्यांत राहतात. छपराचा उतार साठ अंशांच्या आसपास, म्हणजे बर्फ टिकत नाही, घसरून पडतो. पडतो म्हणजे खरंच पडतो: आम्ही वाटेवरून जाताना एका घराच्या छपरावरून मोठा थर सुटला आणि पायाखालची जमीन हलल्यासारखा आवाज झाला. वळचणीखाली उभं राहू नका, हे टूर लीडरने बसमध्येच बजावून सांगितलं होतं.

आम्ही वादा नावाच्या घराण्याचं घर आतून पाहिलं. जोडे काढून आत जायचं. जाड मोज्यांचा आणखी एक जोड बरोबर असावा, कारण लाकडी जमीन बर्फासारखी गार असते. वरच्या मजल्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे. चुलीचा धूर वर चढून लाकूड आणि गवत वाळतं, कीड लागत नाही. छपराच्या सांगाड्यात खिळा नाही. वासे दोरांनी आणि कोवळ्या फांद्या पिळून केलेल्या बंधांनी आवळलेले आहेत. अण्णा एका गाठीसमोर बराच वेळ उभे होते. धुराने काळी झालेली, मनगटाएवढी जाड, वेढ्यावर वेढा, शेवटचं टोक आत खुपसलेलं. तीसेक वर्षांनी छप्पर नव्याने शाकारायची वेळ येते तेव्हा अख्खं गाव इर्जिक घालतं, शे-दोनशे माणसं एका घराला लागतात. वादळात छप्पर लवचीक राहावं म्हणून खिळे नाहीत, हे मी वाचून दाखवलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "बरोबर आहे, घट्ट ठोकलेलं आधी मोडतं."

वरून गाव दिसतं त्या शिरोयामा टेकडीची पायवाट हिवाळ्यात बंद असते. गावातून छोटी बस जाते, तिचे पैसे वेगळे आणि रांग मोठी. आमच्याकडे उरलेला वेळ बघून मी ती सोडली. गटाच्या सहलीत हे हिशेब करावेच लागतात. परतीची वेळ म्हणजे वेळ, आणि बर्फात चालायला नेहमीच्या दुप्पट वेळ धरावा. आम्ही लवकर पुलाकडे वळलो.

त्यामुळे एक गोष्ट बघायला मिळाली. ड्रायव्हर बसभोवती फिरून चाकांच्या कमानीत साचलेला बर्फ काठीने पाडत होता, दिवे पुसत होता, प्रत्येक टायरवर हात ठेवून बघत होता. अण्णा त्याच्याजवळ गेले. मी सांगितलं की हेही बसच चालवायचे, डोंगरातच. त्या माणसाने टोपी काढून वाकून नमस्कार केला, खालचा कप्पा उघडून साखळ्या दाखवल्या, टायरच्या बारीक खाचांमध्ये बोट घालून दाखवलं. अण्णांनी वाकून खाचेची खोली बघितली आणि मान डोलावली.

परतीला इचिनोमियाजवळ रविवारची कोंडी लागली. उशीर होणार हे टूर लीडरने आधीच सांगितलं, एक जादा थांबा घेतला. मग सगळ्यांना एक छापील फॉर्म दिला: जेवण कसं, वेळ कशी, बस कशी. आई झोपली होती. अण्णा म्हणाले, "मी सांगतो तसं लिही." उतारावर ड्रायव्हर ब्रेकवर विसंबला नाही, आधीच वेग पाडत आला. बर्फात एकदाही हिसका बसला नाही. समोरच्या गाडीपासून दिवसभर अंतर राखलं. निवृत्त ड्रायव्हर, कराड आगार, महाराष्ट्र. मी ते सगळं जपानीत लिहिलं आणि खाली अण्णांनी मोडीत सही करतात तशी, एका ओढीत सही केली.