वरचा मजला रिकामा आहे

सोमवार

बँकेतलं जोडपं आज गेलं. बदली लातूरला. टेम्पो कोपऱ्यावरून वळला आणि मी किल्ली घेऊन वर चढले. भिंतीतले खिळे मी मोजत नाही. संसार म्हटला की कॅलेंडर लागणार, ते हवेत कोण टांगणार? पण सिंकखालचं दार उघडलं तर आतलं प्लायवूड फुगून पुरीसारखं झालेलं. ही गळती काल-परवाची नव्हे, पावसाळ्यापासूनची असावी.

बाईंनी सांगितलं का नसेल? कारण सांगितलं की घरमालक पैसे मागणार, हे सगळ्या भाडेकरूंना पाठ असतं. म्हणून मी आता चहा पितानाच स्पष्ट सांगते: गळती, शॉर्टसर्किट, उडालेलं बटण, त्याच दिवशी कळवा, खर्च माझा. लपवलंत तर तुमचा. तरी लपवतातच. डिपॉझिट हातात असलं की मालकाला जोर येतो म्हणतात, पण त्याच डिपॉझिटपायी माणसं गप्प बसतात आणि शंभर रुपयांचं वॉशर हजारांचं प्लायवूड खातं.

वीजबिल वजा करून बाकी सगळं डिपॉझिट परत केलं. ह्यांना ते पटलं नाही. वीजबिलाचं मात्र मी काटेकोर पाहते. मीटर आपल्या नावावर असतो, थकबाकी ठेवून माणूस निघून गेला की वसुली आपल्या दाराशी येते. जायच्या दिवशी मीटरचा फोटो काढायचा आणि दोघांच्या मोबाइलवर ठेवायचा.

मंगळवार

फोन सकाळपासून. एजंटाचा पहिला प्रश्न, “काकू, फॅमिली पाहिजे की बॅचलर चालेल?” दुसरा प्रश्न तो हळू आवाजात विचारतो, “कुठले लोक चालतील?” सोलापुरात हा प्रश्न विचारायचा म्हणजे कमाल आहे. आमच्याच गल्लीत एका घरातून तेलुगू ऐकू येतं, दुसऱ्यातून कन्नड, तिसऱ्यात उर्दू, आणि भांडताना सगळे मराठीवर येतात. मी म्हटलं, भाडं वेळेवर देणारे आणि मोटार बंद करायची आठवण असणारे लोक चालतील.

दुपारी एकजण खोल्या बघून गेला. माणूस भला. शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई करतो, चार मशिनं टाकायची म्हणाला. गारमेंटचं काम घराघरांत चालतं इथे, त्यात वावगं काही नाही. पण घरगुती मीटरवर धंदा चालवला आणि वापर वाढला की दर बदलू शकतो, तपासणीला आले तर नोटीस माझ्या नावाने येते. शिवाय मशिनं माझ्या झोपायच्या खोलीच्या डोक्यावर. त्याला ओळखीतला एक पत्र्याचा शेड सुचवला. जाताना तो “बरं झालं सांगितलं” म्हणाला, पण चेहरा तसा नव्हता.

बुधवार

पाणी.

सोलापुरात घर भाड्याने देणं म्हणजे निम्मं काम पाण्याचं. उजनी धरणातून शंभरावर किलोमीटर प्रवास करून ते येतं आणि आमच्या भागात चार-पाच दिवसांआड पोहोचतं. कधी पहाटे, कधी रात्री अकराला. पाणी सोडणारा चावीवाला कधी फिरेल ते गल्लीत कुणालातरी कुठूनतरी कळतं, मग “पाणी यायलंय!” अशी हाक फिरते. त्या एका हाकेवर हौद भरायचा, तिथून मोटारीने वरची टाकी, मग पिण्याचं गाळून घ्यायचं, पिंप, बादल्या, कळशा. एखाद्या वेळी मेन लाइन फुटली की दिवस आणखी पुढे जातात. मग टँकर.

वरच्यांचं आणि आमचं सगळं भांडण आजवर यावरूनच झालंय. भाड्यावरून फारसं नाही. टाकी एकच होती तेव्हा रोज संशय. आमच्याकडे पाहुणे आले की वरची बाई म्हणायची, पाणी लवकर संपलं. त्यांच्याकडे वॉशिंग मशीन फिरायला लागलं की मी घड्याळ बघायचे. शेवटी दुसरी टाकी बसवून घेतली आणि दोन्हीला वेगळे कॉक लावले. खर्च झाला, पण आमचं बोलणंचालणं त्या दिवसापासून सुधारलं. बोअरचं पाणी तिसऱ्या नळाला जोडलंय, वापरायला. ते इतकं क्षाराचं की गीझरची कॉइल वर्षाकाठी पांढरी होते. त्याचीही तक्रार येते, आणि ती खरी असते.

भाडं थकलं की पाणी तोडणारे मालक मला माहीत आहेत. गल्लीतल्या एकाने मागच्या उन्हाळ्यात तेच केलं. भाडे नियंत्रण कायद्याच्या २९ व्या कलमानुसार पाणी-वीज अशी अडवणं गुन्हा आहे, हे त्याला सांगितल्यावर तो माझ्याकडे असा बघत होता की मीच भाडेकरू आहे. कायदा राहू दे बाजूला, मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत लेकराबाळांचं पाणी बंद करायला हात कसा उठतो?

गुरुवार

पेठेतल्या जुन्या दुकानाची घरपट्टी भरली. सासऱ्यांच्या काळचा भाडेकरू, आता त्याचा नातू बसतो. कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ घेता येते, पण मूळ भाडं चाळीस रुपये असेल तर वाढून वाढून किती वाढणार? घरपट्टी त्याच्यापेक्षा जास्त. ह्यांचं म्हणणं, कोर्टात जाऊ. मी म्हणते, नातवाला दुकान विकत घ्यायचं का विचारू. हा विषय आमच्या घरी जेवताना काढायचा नाही असं ठरलंय आणि जेवतानाच निघतो.

शुक्रवार

खोल्या ठरल्या. सरकारी दवाखान्यातल्या नर्सताई आणि त्यांची आई. आईने आल्या आल्या पंख्याकडे, ओट्याकडे नजरही न टाकता विचारलं, “पाण्याचं कसं हाय?” मी तिथेच मनात होकार दिला.

आता करार. एजंट म्हणाला, “अकरा महिन्यांचं आहे, नोटरीवर भागेल.” भागत नाही. वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही हा समज बाकी ठिकाणचा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं ५५ वं कलम सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदला नाही तर वादात भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, वर दंड किंवा कैदही होऊ शकते. नोंदला असेल तर मुदत संपल्यावर ताबा मागायला सक्षम अधिकाऱ्याकडे जाता येतं, दिवाणी दाव्यात वर्षं घालवावी लागत नाहीत. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. मुद्रांक शुल्क पाव टक्का, त्यात डिपॉझिटवरचं दहा टक्के व्याज भाड्यात धरून. एवढ्यासाठी कुणी नोटरीकडे का जातं?

आणि बारा वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो, ही भीती घालणारेही आज दोन भेटले. परवानगीने राहणाऱ्याचा ताबा हा मालकाविरुद्धचा कब्जा ठरत नाही. पण ऐकतो कोण.

संध्याकाळी कराराची नोंदणी करणारा पोरगा लॅपटॉप आणि बोटांचे ठसे घ्यायचं थमचं मशीन घेऊन घरीच आला. माझं झालं, नर्सताईंचं झालं. साक्षीदार म्हणून त्यांच्या आईला बसवलं तर बोट काही लागेना. पुसलं, ओलं केलं, दुसरं बोट, तिसरं. “आयुष्यभर विड्या वळल्या ओ, रेघा राहिल्यात कुठं?” असं म्हणून त्या हसल्या. पोराने सहज सांगितलं की विडी कामगार बायकांचं असं नेहमीच होतं. मला त्याचं ते सहज सांगणं जास्त लागलं. शेवटी समोरच्या अक्का आल्या, त्यांचं बोट एका दमात लागलं.

शनिवार

पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरली. प्लंबरने सिंकखालचं काम केलं, प्लायवूड काढून खाली कडप्पा टाकला. आयकराला हे सगळं सारखंच: घरपट्टी वजा जाऊन उरलेल्या भाड्यातून ३० टक्के सूट, दुरुस्ती करा नाहीतर करू नका.

नर्सताईंची पुढच्या आठवड्यात नाइट ड्युटी आहे. रात्री पाणी आलं तर वरचा कॉक मी उघडायचा, आईंना जिना चढ-उतर नको. त्या बदल्यात पहाटेच्या पाण्याला आई मला उठवणार. त्या चारलाच उठतात म्हणे. भाडं दर महिन्याच्या सात तारखेला, पगार झाल्यावर. एजंट पाच म्हणत होता.