वळिवड्याचे पोलिश लोक इथेच का राहिले नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील पोलिश स्मारक पाहिलेला जवळजवळ प्रत्येक पाहुणा मला हाच प्रश्न विचारतो: सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यातील छावणीत राहिले, त्यांना माया मिळाली, मग ते इथेच स्थायिक का झाले नाहीत?

ती माणसे नशीब काढायला देश सोडून आलेली नव्हती. १९४० च्या फेब्रुवारीपासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत भरून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे धाडली. १९४१ मध्ये पोलंडचे परागंदा सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार होऊन सुटका झाली, तेव्हा त्यांतील काही जण इराणमार्गे आपल्याकडे पोहोचले. कर्ते पुरुष बहुतांशी जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्यात होते, त्यामुळे छावणीत मुख्यतः बायका, मुले आणि वृद्धच होते. त्यांनी इथे पोलिश शाळा, चर्च, नाट्यगृह असे सारे उभे केले, आणि माझ्या मते उत्तर तिथेच दडले आहे: मुलांना पोलिशमध्ये शिकवणारी आई परतीचीच तयारी करत होती.

पण परतायचे कुठे? फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे मित्रराष्ट्रांच्या परिषदेत झालेल्या निर्णयाने पूर्व पोलंडमधील ल्वूव, विल्नो ही शहरे आणि भोवतालचा मुलूख सोव्हिएत संघाकडे गेला. ज्या घराकडे डोळे लागले होते, ते घर आता दुसऱ्या देशात होते. मग पोलिश सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना ब्रिटनमध्ये वसण्याचा मार्ग १९४७ च्या ब्रिटिश कायद्याने मोकळा केला, तेव्हा अनेक जणी पती, भाऊ किंवा मुलगा होता तिकडे गेल्या. काही कुटुंबे ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिकेत पोहोचली. इथल्या तरुणांशी लग्न करून मागे राहिलेल्या स्त्रिया अगदी मोजक्या. माणूस नव्या मुलखात रुजतो तो तिथल्या मायेमुळे नव्हे, तर आपली माणसे, कायदेशीर हक्क आणि कामधंदा एकत्र मिळतो म्हणून, असे मला या हकिकतीवरून ठामपणे वाटते.

त्याच छावणीत पुढे फाळणीमुळे सिंध सोडावे लागलेली सिंधी कुटुंबे आली. त्यांनाही परतीची वाट उरली नव्हती, पण हा देश आता त्यांचा होता, नातेवाईक सोबत होते आणि व्यापार हाती होता. त्यांनी तिथे दुकाने थाटली, वस्तीला गांधीनगर नाव पडले, आणि आजूबाजूच्या गावांतील लोक आजही लग्नाचा बस्ता बांधायला तिथेच जातात.