जे कमी असेल ते

माझं पोटापाण्याचं काम म्हणजे इंग्लंडमधल्या कंपन्यांच्या पेन्शन स्कीमांचे हिशोब बघणं. सांगितलं की लोक जांभई देतात, मी पण दिली असती. पण मागच्या महिन्यात एक जुनी फाइल उघडली आणि दोन दिवस झोप उडाली.

जुन्या रूल्समध्ये वाक्य होतं, पेन्शन दरवर्षी महागाईइतकी किंवा 5 टक्के, जे कमी असेल ते, वाढेल. नंतर सगळ्या दुरुस्त्या एकत्र करून नवीन डीड, म्हणजे स्कीमचा कायदेशीर दस्तऐवज, बनवली आणि त्यात तेच वाक्य झालं, पेन्शन दरवर्षी 5 टक्के वाढेल. बस. महागाई पण गेली आणि 'जे कमी असेल ते' पण गेलं, ठरवून कोणी केलं म्हणावं तर तसं कुठेच दिसत नाही, ट्रस्टींनी, म्हणजे सभासदांच्या वतीने स्कीम सांभाळणाऱ्यांनी, सही केली, कंपनीने सही केली आणि इतकी वर्षं सगळ्यांना पेन्शन जुन्याच नियमाने मिळत राहिली.

आता हा आकडा बघा. 10,000 पौंडांची पेन्शन, महागाई समजा सरासरी 3 टक्के. 20 वर्षांनी ती साधारण 18,060 पौंड होते. सरळ 5 टक्क्यांनी वाढवली तर 26,530. एका माणसामागे वर्षाला साडेआठ हजारांचा फरक, आणि स्कीममध्ये माणसं शेकड्यांनी.

मला वाटलं, मग आता दुरुस्ती करून टाकायची की, टायपिंगची चूकच आहे ना! नाही जमत. 1995च्या पेन्शन कायद्याचं कलम 67 आडवं येतं. सभासदाने आधीच कमावलेला हक्क मागे जाऊन कमी करता येत नाही, आणि डीडच्या अक्षरांप्रमाणे बघितलं तर 5 टक्के हा त्याचा हक्कच झालेला असतो. म्हणून कोर्ट. तिथे 'रेक्टिफिकेशन' मागायचं, म्हणजे आम्हाला करार बदलायचा नाहीये, आमचं ठरलं होतं एक आणि कागदावर उतरलं दुसरं, तर कागद दुरुस्त करा आणि तो सुरुवातीपासूनच तसा होता असं धरा.

कोर्ट असं सहज ऐकत नाही हं. भक्कम पुरावा लागतो, आणि तो पण ट्रस्टी आणि कंपनी दोघांच्याही मनात सही करताना तेच होतं याचा. एएमपी विरुद्ध बार्कर या 2000 सालच्या केसमध्ये आजारपणामुळे काम सोडणाऱ्यांना जास्त पेन्शन द्यायची होती, पण दुरुस्तीच्या शब्दांमुळे लवकर नोकरी सोडणाऱ्या सगळ्यांचेच फायदे वाढले. ट्रस्टींच्या डोक्यात ते नव्हतंच हे कोर्टाला पटलं आणि कागद दुरुस्त झाला.

पण नुसते शब्द ढिसाळ आहेत म्हणून रेक्टिफिकेशन मिळत नाही. बर्नार्डोज या संस्थेच्या रूल्समध्ये आरपीआय (महागाई मोजायचा जुना ब्रिटिश निर्देशांक) 'किंवा ट्रस्टींनी स्वीकारलेला त्याचा बदली निर्देशांक' अशा अर्थाचं वाक्य होतं. सीपीआय हा महागाईचा दुसरा निर्देशांक सहसा कमी वाढतो, त्यामुळे त्यावर जायला कंपनीवाल्यांना कायमच आवडतं. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, आरपीआय अजून अधिकृतपणे बदललेला नाही, मग ट्रस्टींनी बदली घ्यायची कशाची? तिथे मुद्दा वाक्याच्या अर्थाचा होता, लिहिताना झालेल्या चुकीचा नव्हता. एका वाक्यावर सुप्रीम कोर्टापर्यंत जायचं म्हणजे वकिलांची दिवाळीच.

सभासदांच्या बाजूने कोर्टात एक प्रतिनिधी सभासद उभा करतात. त्याला स्वतंत्र वकील, आणि खर्च सहसा कंपनी किंवा स्कीम उचलते. त्याच्या वकिलाला पुरावा बघून कळतं की लढण्यात अर्थ नाही, तरी 'आम्हाला मान्य आहे' म्हणून विषय मिटत नाही, जजला स्वतःला पटावं लागतं. म्हणून अशा बऱ्याच केसेस पूर्ण सुनावणी न होता समरी जजमेंटने, म्हणजे पुरावा बघून जजने दिलेल्या झटपट निकालाने, सुटतात. मला स्वतःला यात पेन्शनरांचं वाईट वाटतं, कारण त्यांना पत्र येतं की तुमच्या रूल्समध्ये जास्त पैसे लिहिलेत पण ते तुमचे नाहीत. पण खरं सांगायचं तर त्यांना मिळालेल्या छोट्या पुस्तिकेत आधीपासून 'जे कमी असेल ते' छापलेलं होतंच. आणि चूक उलटी असली, पेन्शन कमी लिहिली गेली असली, तर हाच रस्ता त्यांच्या उपयोगाला येतो.

मोठी गंमत म्हणजे रेक्टिफिकेशनला ठरावीक मुदत नाही, पण चुकीची डीड लिहिणाऱ्या वकिलावर निष्काळजीपणाचा दावा लावायचा तर जास्तीत जास्त 15 वर्षं. आणि या चुका सापडतात कधी, तर विमा कंपनी स्कीम ताब्यात घ्यायच्या आधी प्रत्येक ओळ वाचायला लागते तेव्हा, म्हणजे बऱ्याचदा मुदत उलटून गेल्यावर.

आमच्या फाइलमध्ये ट्रस्टींच्या मीटिंगची मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त, सापडली, 'फायद्यांत बदल नाही' असं स्वच्छ लिहिलेलं. पुस्तिका पण सापडली. ड्राफ्ट 2 मध्ये ते शब्द आहेत, ड्राफ्ट 4 मध्ये नाहीत. वकील रोज एकच विचारतात, ड्राफ्ट 3 कुठाय? उद्या गोडाऊनमधून अजून अकरा खोकी येणारेत.