दोन पेट्या, एकच ओळख

तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका कोल्ड स्टोरेजमधून फोन आला. खोली 2 चं तापमान स्क्रीनवर उड्या मारतंय, आत्ता उणे 18, लगेच उणे 9. खोली 1 ची पेटी, म्हणजे तिथलं तापमान सर्व्हरला कळवणारं यंत्र, तर ऑफलाइनच. सेन्सर गेलाय आणि नेटवर्क खराब आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. अलार्मही बंद करून ठेवलेला. आत गोठवलेला मटार.

पोचलो तर खोली 1 च्या पेटीवरचा नेटवर्कचा दिवा व्यवस्थित चालू. मग सर्व्हरचा लॉग उघडला. एकच क्लायंट आयडी, म्हणजे पेटी सर्व्हरला सांगते ते तिचं नाव, सारखा आत येत होता आणि बाहेर फेकला जात होता. पेट्या सर्व्हरशी ज्या पद्धतीने बोलतात, त्या एमक्यूटीटीचा नियमच तसा आहे: त्याच आयडीने नवं कनेक्शन आलं की सर्व्हरने जुनं तोडायचं. दोन्ही पेट्यांची सर्टिफिकेटं, म्हणजे त्यांची डिजिटल ओळखपत्रं, तपासली. सीरियल नंबर एकच, ती ओळख सिद्ध करणारी गुप्त प्रायव्हेट कीसुद्धा एकच! खोली 1 ची पेटी मध्यंतरी बिघडली, तेव्हा पुरवठादाराच्या माणसाने खोली 2 चं मेमरी कार्ड जसंच्या तसं कॉपी करून तिच्यात घातलं होतं. सर्व्हरच्या लेखी दोन्ही पेट्या म्हणजे खोली 2.

म्हणजे उणे 9 हा आकडा खरा होता, खोली 1 चा.

धावत तिथे गेलो. दाराशी रात्रपाळीच्या काकांचं रजिस्टर टांगलेलं. डायल बघून हाताने केलेल्या नोंदी. उणे 14, उणे 12, उणे 9. "मी सांगत होतो साहेब, पण कॉम्प्युटरवर खोली 1 चा अलार्मच नाही म्हणाले." मटार ताबडतोब दुसऱ्या खोलीत हलवला.

या प्रकाराची मला मनापासून चीड येते. प्रायव्हेट की पेटीतल्या सुरक्षित चिपमध्येच तयार व्हावी आणि तिथून कधीही बाहेर पडू नये. सर्टिफिकेट मागताना बाहेर जाते ती फक्त तिची जोडीदार, कोणीही पाहिली तरी चालेल अशी पब्लिक की. या पेट्यांत तशी चिप होती, कोणी वापरलीच नव्हती. जी की तंत्रज्ञाला कॉपी करता येते, ती चोरालाही येते. मग तो पाठवील ते तापमान आपण खरं मानणार.

जुनं सर्टिफिकेट रद्द केलं, तशा दोन्ही पेट्या एकदम बाद झाल्या. प्रत्येकीत नवी की, प्रत्येकीला स्वतंत्र सर्टिफिकेट. खोली 1 स्क्रीनवर आली.

तिन्ही पाळ्यांचे लोकही एकाच लॉगिनवर काम करत होते, पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला. तेही बदलायला लावलं: ज्याचं त्याचं खातं, कोड ज्याच्या त्याच्या मोबाइलवर.

काकांनी विचारलं, "म्हणजे आता सेटिंग कोणी बदललं ते नावानिशी दिसणार?"

"हो काका."

"मग माझं आधी करा. आजवर काहीही बिघडलं की रात्रपाळीवर ढकलायचे."