घटना भेटते कुठे?

तालुक्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करते म्हटलं की लग्नात असो वा एसटीत, कुणीतरी विचारतंच, "मॅडम, राज्यघटना मोठी खरी, पण आमच्यासारख्याला ती भेटते कुठे?"

मला ती रिमांडच्या वेळी, म्हणजे अटकेतल्या माणसाला पुढे कोठडीत ठेवायचं का हे कोर्ट ठरवतं तेव्हा, भेटते. अटकेतल्या माणसाला पोलीस कोर्टापुढे उभं करतात. पीसीआर (पोलीस कोठडी) की एमसीआर (न्यायालयीन कोठडी) हे ठरण्याआधी मॅजिस्ट्रेट त्यालाच विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" बहुतेक जण नाही म्हणतात. कधी कधी एखादा शर्ट वर करून पाठ दाखवतो.

त्याला तिथे आणणं ही पोलिसांची मेहेरबानी नव्हे. घटनेचं कलम 22 सांगतं की प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायचं. त्यांच्या हुकमाशिवाय पुढे कोठडीत ठेवायचं नाही. रविवार असला तर मॅजिस्ट्रेटच्या घरी नेऊन हजर करतात. पोलीस राज्य सरकारचे, मॅजिस्ट्रेट मात्र उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली. पकडलं एकाने, ठेवायचं की सोडायचं हे ठरवायचं दुसऱ्याने. आरोपीचा जीव या फटीत वाचतो.

ही फट आयती मिळालेली नाही. इंग्रजी अमलात मामलेदाराकडेच मॅजिस्ट्रेटचेही अधिकार असत. सारा वसूल करणारा आणि शिक्षा देणारा एकच. कलम 50 ने राज्याला हे वेगळं करायला सांगितलं. मुंबई राज्याने 1951 साली त्यासाठी कायदा केला, देशभर हे 1973 च्या फौजदारी संहितेने झालं.

जाणते लोक इथे अडवतात: चोवीस तासांचा नियम इंग्रजांच्या संहितेतही होता, मग घटनेने नवं काय दिलं? सप्टेंबर 1949 मध्ये बाबासाहेबांनी संविधान सभेत ही तरतूद मांडली, तेव्हा त्यांनी स्वतःच त्याचं उत्तर दिलं. हे संहितेत आहे हे त्यांनी मान्य केलं; पण साधा कायदा संसद केव्हाही बदलू शकते, घटनेत घातलं की संसदेचेही हात बांधले जातात. मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. ज्या सरकारला अधिकार द्यायचे, त्याच्याच हातात कुलपाची किल्ली ठेवायची नाही.

पण त्याच कलम 22 मध्ये एक भगदाडही आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेला, म्हणजे पुढे काही करेल या शंकेवरून आधीच आत टाकण्याला, हे चोवीस तास लागू नाहीत. अशी स्थानबद्धता तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय तीन महिने माणूस आत राहू शकतो. स्वतंत्र देशाच्या घटनेत हे असू नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि रोजच्या व्यवहारातली पळवाट वेगळीच. माणूस उचलतात रात्री, अटक दाखवतात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. घड्याळ तिथून सुरू! म्हणून घरच्यांना मी पहिल्या फोनवरच सांगते, नेलं ती वेळ लिहून ठेवा, शेजाऱ्यांची नावं लिहा.

एका आईने मी सांगण्याआधीच वीजबिलाच्या पाठीवर लिहून ठेवलं होतं: रात्री नऊ वाजून दहा मिनिटं, गाडीत चार जण. रिमांडच्या वेळी मी तो कागद पुढे केला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तो वाचला आणि पोलीस ठाण्याची स्टेशन डायरी, म्हणजे रोजच्या घडामोडींची नोंदवही, मागवली.